कारखान्याच्या धावपट्टीवर

कॅप्टन केतन मगदूम मूळचे जयसिंगपूरचे. पंधरा वर्षं मोठी प्रवासी विमानं उडवून ते परत आले आणि कोल्हापुरात वैमानिकांना शिकवू लागले. शिस्तीचे, कमी बोलणारे. शिकायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात अरीबानं त्यांना मध्येच एक शंका विचारली होती, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "मी शिकवतोय ना?" त्यानंतर तिनं मध्ये बोलणं सोडून दिलं.

अरीबा कबनूरची. वडील यंत्रमागावर, आई नजीरा घरी शिवणकाम करायची. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ती इथवर आली होती, आणि आपल्या हातून काही वावगं होऊ नये याची तिला सतत धास्ती असायची.

मार्चमधल्या त्या दिवशी अकराच्या सुमाराला दोघं छोट्या विमानानं गडहिंग्लजच्या बाजूला निघाले. तिथं एका साखर कारखान्याची खासगी धावपट्टी होती. कंट्रोल टॉवर नाही. वैमानिकानं स्वतःच खाली बघायचं, वारा ओळखायचा आणि 'मी अमुक ठिकाणी आहे, उतरतोय' असं ठरलेल्या रेडिओ चॅनेलवर सांगायचं. अरीबाची तिथली पहिलीच खेप, म्हणून उतरवून दाखवायचं काम सरांनी स्वतःकडे ठेवलं.

"पश्चिमेच्या बाजूनं गेलो की पट्टी समोरच येते. सरळ उतरू," ते म्हणाले. निघताना वारा पूर्वेचा होता, म्हणजे समोरून येणारा. उतरताना तसाच हवा असतो. त्यांनी रेडिओवर जागा सांगितली. उत्तर आलं नाही. "कोणी नाही," ते म्हणाले.

पट्टी जवळ आली तशी अरीबाला खांबावरची, वारा दाखवणारी केशरी कापडी पिशवी दिसली. विमान जात होतं त्याच दिशेला ती ताणून फडफडत होती. म्हणजे वारा फिरला होता. आता तो पाठीमागून ढकलत होता.

तिनं सरांकडे बघितलं. ते पट्टीकडे बघत होते. तोंडापर्यंत आलेलं वाक्य तिनं गिळलं.

विमान जमिनीला टेकेचना. अर्धी पट्टी मागे पडली तेव्हा कुठं चाकं लागली. सरांनी ब्रेक दाबले, टायर किंचाळले, आणि पट्टी संपवून विमान पलीकडच्या नांगरटीत घुसलं. पुढचं चाक रुतलं. पंख्याचं एक पातं मातीत आपटून वाकलं. मग एकदम शांत झालं.

"लागलं का तुला?"

"नाही, सर."

खाकी शर्टातला रखवालदार गुंडू हातात वॉकीटॉकी घेऊन पळत आला. त्याला धाप लागली होती.

"कवाधरनं वरडाय लागलोय, सायेब! वारा फिरलाय, पलीकडनं या म्हणून! ऐकाय येत न्हाय व्हय?"

सरांनी रेडिओकडे नजर टाकली. चॅनेल कोल्हापूरचंच राहिलं होतं. इथल्यासाठी ते बदललंच नव्हतं. इतक्या लांबून आणि खालून त्यांचं बोलणं कोल्हापूरला पोचत नव्हतं आणि गुंडूचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

बांधावर बसल्यावर अरीबाला राहवलं नाही. "सर, पिशवी मला दिसली होती."

"कधी?"

"टेकायच्या आधी. वेळ होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला दिसलीच असणार." ती पुढं म्हणाली, "आणि तुम्हाला मध्ये बोललेलं आवडत नाही."

सर बुटाची माती काढत बसले. गुंडूनं तांब्यातून पाणी आणलं, ते त्यांनी आधी तिला दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल लिहून तिला वाचायला दिला. 'चॅनेल बदललं नाही. वरून फेरी मारून वारा पाहिला नाही. टेकायला उशीर झाल्यावरही पुन्हा वर गेलो नाही. तिन्ही चुका माझ्या. विद्यार्थिनीला धोका दिसला होता. तिनं बोलावं असं वातावरण मी ठेवलं नव्हतं.'

अरीबानं दोनदा वाचलं. "सर, खाली माझंही एक वाक्य घालू?"

तिनं लिहिलं, 'मला दिसलं आणि मी गप्प बसले.' खाली सही केली.

सहा आठवडे सरांचं उड्डाण बंद राहिलं. नंतर त्यांची उड्डाणाची फेरतपासणी परीक्षक आदितीमॅडमकडे होती. मॅडम त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. सर विद्यार्थ्याच्या सीटवर बसून "येस मॅडम" म्हणतात, हे बघायला मुलं विमानाच्या खिडकीशी जमली. सरांनी त्यांना हाकललं नाही.

मे महिन्यात ती दोघं पुन्हा त्याच धावपट्टीकडे निघाली. या वेळी विमान अरीबाच्या हातात होतं. तिनं चॅनेल बदललं, तसं मोठ्यानं सांगितलं, आणि पट्टीवरून एक पूर्ण फेरी मारली. गुंडूचा आवाज आला, "वारा पश्चिमेचा हाय, ताई. या निवांत."

ती पूर्वेकडून खाली येत असताना पट्टीच्या मध्यावर काहीतरी काळं हललं.

"सर, नको. वर जाते!"

तिनं इंजिनाला पूर्ण ताकद दिली. सरांनी हात मांडीवरच ठेवले. विमान वर चढून स्थिर झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय होतं?"

तेवढ्यात रेडिओवर गुंडूचाच आवाज आला, "काय न्हाय ओ! प्लॅस्टिकचा कागद उडून आलाय. काढतो की!"

अरीबाचे कान तापले. "सॉरी सर. उगाच वर आणलं."

"कागद होता हे आत्ता कळलं," सर म्हणाले. "तेव्हा तुला माहीत होतं का?"

"नाही."

"मग सॉरी कशाला? उद्या दहा वेळा कागद निघाला तरी दहा वेळा वर ये."

दुसऱ्या फेरीत चाकं अलगद टेकली आणि पट्टी अर्धी शिल्लक असताना विमान थांबलं.

सरांनी तिची नोंदवही मांडीवर घेऊन सही केली. "सोमवारी कोल्हापुरात पहिलं सोलो. मी खाली उभा असेन."

"एकटी?"

"एकटी. काही शंका असेल तर आत्ता विचार."

अरीबानं पट्टा सोडला, वहीचं कोरं पान उघडलं आणि म्हणाली, "शंका सात आहेत, सर."

सर सीटवर तिच्याकडे वळून बसले. "पहिली सांग."