बांगड्या हरवल्या आणि बोल लागला वायरीला

मी वायर बोलतेय. इकडंतिकडं काय बघताय? जरा वर बघा. कोळवणात नाथाच्या अंगणात, आंब्याच्या खोडापासून शेरडांच्या गोठ्यापर्यंत ताणून बांधलीय ना, तीच मी. दोन पदरांची. एक लाल, एक काळा. उन्हानं लाल पदर विटकरी झालाय, पण आत तांबं आहे बरं का, अस्सल तांबं! धुणं वाळत घालायला माझा जन्म झालेला नाही. माझ्या अंगातून आवाज जायचा.

उरवड्याच्या बाजूला एका कारखान्यात मला ओढून काढलं. केसासारख्या बारीक तारा एकत्र पिळल्या, वर प्लॅस्टिकचं कातडं चढवलं आणि वेटोळं करून पौडच्या एका दुकानात टांगलं. तिथून मला दयानंद साहेबांनी उचललं. साहेब पुण्याचे. कोळवणात त्यांनी बंगला बांधलेला आणि गाणी ऐकायचा त्यांना भारी नाद. कॅसेटचा मोठा सेट होता, दोन कोपऱ्यांत लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर होते. माझे दोन तुकडे करून त्यांनी दोन्ही स्पीकर सेटला जोडले.

रविवारी साहेबांचे मित्र यायचे, डोळे मिटून बसायचे आणि डोळे मिटूनच एकमेकांच्या खरेदीला नावं ठेवायचे. एकदा एकानं माझ्याकडं बोट केलं. "एवढ्या भारी स्पीकरला ही असली वायर? चांदीच्या ताटात शिळं पिठलं वाढतोयस की रे!"

झालं! पुढच्या रविवारी अंगठ्याएवढी जाड वायर आली आणि मी गेले फडताळात. मित्रांनी पुन्हा डोळे मिटले. "अहाहा! पडदा उठल्यासारखं वाटतंय." मला तर कुठला पडदा उठलेला दिसला नाही. गाणं तेच होतं, गाणाराही तोच होता. आवाजाला वावर ओलांडून पलीकडं जायचं असतं तर जाड तारेची मातब्बरी मी मान्य केली असती. पण एका खोलीच्या अंतराला तांबं ते तांबं. फडताळातून कोण ऐकतंय माझं!

पुढं साहेबांनी सगळा सेटच बदलला. जुना सेट, स्पीकर, माइक आणि मी, असं सगळं बंगल्याची राखण करणाऱ्या नाथाला देऊन टाकलं. जाड वायर तेवढी ठेवून घेतली. नाथा धनगराचा. घरी शेरडं, थोडी भातशेती आणि सारजाबाई.

सारजाबाईनं दारातच कमरेवर हात ठेवले. "ह्ये काय मढं आनलंया घरात?"

"मढं न्हवं, गानी वाजत्यात ह्येच्यात," नाथा म्हणाला. "आपला आवाज बी भरता येतो."

त्यानं मला जोडलं, माइक लावला आणि लाल बटण दाबून वाकून बघत बसला. काय बोलावं ते त्याला सुचेना. तेवढ्यात सारजाबाई चुलीपुढं चहा गाळायला बसली. मनगटभर काचेच्या बांगड्या. पातेलं उचललं की किणकिण, कप सारला की किणकिण. आणि मग तिचा तो खणखणीत आवाज आला. "अवो, च्या निवतोय. त्या खोक्यात काय घालून बसलाय? या की!"

सगळं त्या कॅसेटवर उतरलं. नाथा काही उठला नाही, बटणंच दाबत बसला. चहा गार झाला आणि त्याला गारच प्यावा लागला.

नंतर किती गाणी वाजली, किती जत्रांच्या आदल्या दिवशी गल्ली जमली! पण पाहुणे आले की नाथा हमखास ती कॅसेट लावायचा. सारजाबाई पदर तोंडाला लावून हसायची. "बंद करा वो, लोक काय म्हन्तील." तिचं बोलणं माझ्या अंगातून पळत जायचं आणि त्यामागं बांगड्या. मला गुदगुल्या व्हायच्या, खरं सांगते.

मग सारजाबाई गेली. ताप आला, पौडला नेली, पुण्याला नेली आणि तिथून माघारी आली ती तशीच. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवा चुडा भरला. नाथा त्या हातांकडं बघत राहिला होता. रडला नाही. मी खिडकीतून पाहत होते, मला मात्र आतून पीळ पडला.

मुळशीतला पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. भिंतीला ओल येते, चामड्याला बुरा चढतो. दर वर्षी स्पीकरवर काहीतरी पांघरूण टाकायचं काम सारजाबाईचं. त्या वर्षी नाथानं तिची काळी घोंगडी घेतली. तिच्या माहेरच्या मेंढरांच्या लोकरीची, चांगली जाडजूड. दोन्ही स्पीकर शेजारीशेजारी ठेवले आणि पुढूनमागून घोंगडी पांघरली. पावसाळा सरला, पण घोंगडी निघाली नाही. तिला सारजाबाईचा वास येत होता. चुलीचा, शेरडांच्या दुधाचा, डोक्याच्या तेलाचा. नाथा येताजाता घोंगडीवरून हात फिरवायचा, आणि ती काढ म्हणायची छाती कुणाची होणार?

आणि तेव्हापासून बांगड्या हरवल्या.

बारीक टोकदार आवाज लोकर आधी गिळते. शब्द जाडेभरडे, ते कसेबसे पार व्हायचे, तेही तोंडावर पदर धरून बोलल्यासारखे. नाथा कॅसेट लावायचा, पुन्हा मागं घ्यायचा, पुन्हा लावायचा.

रविवारी मल्हार आला. मल्हार त्याचा मुलगा, उरवड्याला कंपनीत कामाला, भूगावात फ्लॅट. नाथा त्याला म्हणाला, "मल्हारी, तुज्या आईच्या बांगड्या वाजंनात रं."

"आबा, कानाचं मशीन घ्यायचं का?"

"कानाला काय धाड भरलीया? गोठ्यातल्या करडाचं घुंगरू ऐकू येतंय मला." मग त्यानं घोंगडीवर हात ठेवला. "मनातबी आठवून बघतो. तितंबी येत न्हाईत. ह्या खोक्यातनंबी गेल्या तर मग कुटं ऐकायच्या मी?"

आईचा आवाज बापाच्या हातून निसटत चाललाय आणि आपण काही करू शकत नाही, हे मल्हारला लागलं. पोरगा मनानं चांगला आहे, मी त्याला दोष देत नाही. पुढच्या खेपेला तो चंदेरी, गोफासारखी विणलेली वायर घेऊन आला. तेवढ्या पैशांत एखादं शेरडू आलं असतं. "दुकानदार म्हणाला, जुन्या वायरीत आवाज अडतो," त्यानं सांगितलं आणि मला उपटून काढलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही! अरे, घोंगडी उचला की! ती उचलली होती हो त्यानं, पण मागच्या बाजूनं, वायर जोडण्यापुरती. जोडून झाल्यावर पुन्हा नीट झाकली. आईची घोंगडी ना, सुरकुतीसुद्धा ठेवली नाही तिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

कॅसेट लागली. मल्हार बापाच्या तोंडाकडं बघत होता. "आबा, फरक पडला का न्हाई? मला तर लई मोकळं वाटतंय."

नाथानं मुलाच्या डोळ्यांत पाहिलं. "व्हय रं," तो म्हणाला. "लई ग्वाड येतोय."

मल्हार खूश होऊन भूगावला गेला. त्याची गाडी वळणाआड गेली तशी नाथानं कॅसेट पुन्हा लावली, घोंगडीवर कान टेकवला आणि तसाच बसून राहिला. एकही बांगडी वाजली नाही. आता वायरही नवी होती, दोष द्यायला काही उरलं नव्हतं. म्हातारा तेव्हा रडला. मी कोपऱ्यात वेटोळं होऊन पडलेली, काय करणार?

माझा एक तुकडा खिळ्याला अडकला आणि दुसऱ्याला दुहेरी पीळ घालून नाथानं अंगणात बांधलं. ज्या अंगातून सारजाबाई बोलली, त्यावर बनियन आणि फडकी वाळू लागली. आलिया भोगासी म्हटलं आणि गप्प राहिले. पण एक सांगते, घरात आवाज वाहिलेल्या कुठल्याच वस्तूला बाहेर करमत नाही.

पितरं उरकली, घट तोंडावर आले. घट बसायच्या आधी घरातलं हातरूण-पांघरूण सगळं धुवायचं, ही रीत. मल्हारची बायको उज्वला त्यासाठी भूगावहून आली. गोधड्या, वाकळा, चादरी सगळं ओढ्यावर नेलं. शेवटी येऊन स्पीकरपाशी उभी राहिली.

"मामा, ही घोंगडी."

"ती ऱ्हाऊ दे."

"घट बसायचेत, मामा. पारोसं कसं ठेवायचं घरात?"

"म्हनलं ना ऱ्हाऊ दे!" नाथा ओरडला. मग आवाज उतरला. "धुतली की तिचा वास जाईल गं पोरी."

उज्वलाचे डोळे भरले. तरी ती हटली नाही. "आत्याबाई असत्या तर माझ्या पाठीत धपाटा घातला असता. म्हणाल्या असत्या, माझं नाव पुढं करून देवाला पारोसं ठेवता व्हय?"

सारजाबाई अगदी असंच म्हणाली असती, हे नाथाला पटलं. तो उठला. स्वतःच्या हातानं त्यानं घोंगडी काढली, एकदा नाकाशी धरली आणि सुनेच्या हातात दिली. मग भिंतीकडं तोंड करून बसला.

ओढ्यावरून उज्वलानं ती ओली घोंगडी आणून माझ्यावर टाकली. आई गं! कंबरडं मोडायची वेळ आली. पाणी निथळत होतं, आंब्याची फांदी करकरत होती. आत नाथाला राहवेना. वास तर गेला, निदान शब्द तरी ऐकू म्हणून त्यानं कॅसेट लावली.

आणि बांगड्या वाजल्या.

पातेलं उचललं, किणकिण. कप सारला, किणकिण. दारातून अंगणात, गोठ्यापर्यंत. घोंगडी पिळता पिळता उज्वलाचे हात थांबले. माझ्यातून नव्हे, त्या चंदेरी गोफातून येत होत्या त्या, तरी मी शहारले. "अवो, च्या निवतोय. त्या खोक्यात काय घालून बसलाय? या की!"

नाथा धडपडत दारात आला. उघड्या स्पीकरकडं बघितलं, माझ्यावरच्या घोंगडीकडं बघितलं, आणि मटकन उंबऱ्यावर बसला. हसत होता आणि डोळ्यांतून धार लागली होती. "उज्वला, मीच गं! वास जपाय गेलो आन् तिच्या तोंडावर मीच बोळा धरला हुता."

संध्याकाळी मल्हार आला, ऐकलं आणि छाती फुगवून म्हणाला, "बघा! म्हनलं हुतं न्हवं, वायरीचा गुण हाय."

"वायरीचा न्हाई रं," नाथा म्हणाला. "तुज्या आईची घोंगडी निघाली."

मल्हारला काही पटेना. खिळ्यावरचा माझा तुकडा काढून त्यानं एका स्पीकरला जोडला, दुसऱ्याला चंदेरी ठेवली. एकदा इकडं कान, एकदा तिकडं. दोन्हीकडं बांगड्या सारख्याच. तो डोकं खाजवत राहिला आणि उज्वला पदराआड हसली. माझा तो तुकडा तसाच राहिला आत, कुणी काढला नाही. म्हणजे निम्मी मी पुन्हा आवाजात आहे आणि निम्मी उन्हात.

आता थंडी पडलीय. घोंगडी आता स्पीकरवर नसते, नाथाच्या खांद्यावर असते. शेरडं चारायला जाताना घेतो, आल्यावर माझ्यावर टाकतो. तिला आता त्याचाच वास येतो. माझं म्हणाल तर तांबं काढायला मला जाळू नका, एवढंच मागणं. आणि आवाज बसला म्हणून वायरीला शिव्या घालण्याआधी त्याच्यावर आपणच काय पांघरलंय ते एकदा उचलून बघा.

रोज दिवस कलला की आत कॅसेट लागते. ती लावून नाथा बाहेर येतो, माझ्यावरची घोंगडी सारखी करत रेंगाळतो, मुद्दामच. आतून पातेलं वाजतं, बांगड्या वाजतात. "अवो, च्या निवतोय. या की!"

तेव्हा उठला नव्हता ना तो. आता माझ्यावरचा हात काढतो आणि घराकडं वळतो.

"आलो गं," म्हणतो. "आलो."