उजवीकडची खुर्ची

चहाचे रिकामे पेले मोरीत ठेवून ती परत आली, तोवर नवऱ्याने तिच्या कागदावरची खिडकी सरळ करून टाकली होती. खोडरबराचा भुगा अजून तिथेच होता. तो त्याने फुंकर मारून उडवला, मान तिरकी करून एकदा पाहिलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने आपल्या कागदाकडे वळला.

"मी काढली होती ती कुठे गेली?"

"कलली होती. आता बघ."

आता ती ओळंब्यात होती, यात वाद नव्हता. आपली खिडकी कललेली आहे हे तिलाही दिसलं होतं. पण समोरच्या घरातली म्हातारी दिवसभर त्या खिडकीतून वाकून रस्ता बघायची, आणि काढताना खिडकीही म्हातारीबरोबर थोडी वाकली होती. हे नवऱ्याला सांगायला जावं तर तो हसला असता. तिने पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली.

फ्रेमवाल्यांच्या दुकानावर ही खोली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी ठोकून कंटाळलेल्या फ्रेमवाल्यांनी एक दिवस स्वतःच ब्रश हातात घेतला, आणि मग एकेक करत माणसं जमली. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई होत्या, आणखी चार-पाच जण होते. चित्रकला कुणीच शिकलेलं नव्हतं. रविवारी सकाळी यायचं, जमेल तसं काढायचं, चहा प्यायचा. ती हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून इथेही सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. नवऱ्याची सगळी नोकरी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. बायकोला सोबत म्हणून तो यायला लागला आणि तिच्या उजव्या हाताची खुर्ची त्याची ठरून गेली.

दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. पण नवरा-बायकोत कोण बोलणार? घरचा मामला म्हणून सगळे मान फिरवायचे. सिस्टर, तुमचं चित्र म्हणजे जॉइंट अकाउंट आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आणि सर्वांत मोठ्याने नवराच हसायचा.

दरवर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये यांची चित्रं लागत. प्रत्येकाचं एक. गेल्या वर्षी तिने हॉस्पिटलातला लांबलचक व्हरांडा काढला होता. लोक त्यापुढे थांबत, आणि थांबून फरशीचं कौतुक करत. काय फरशी काढलीय, अगदी चालत जावंसं वाटतं. फरशी नवऱ्याची होती. दोन दिवस ती त्या चित्राशेजारी उभी राहून माना डोलवत होती. या वर्षी पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत आपलं असं एक चित्र तिथे लागलं पाहिजे, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. तसं त्याला सांगूनही झालं होतं. समजावून झालं, भांडून झालं, एक अख्खा दिवस अबोला धरून झाला.

"मी कुठे काढतो?" तो म्हणायचा. "मी फक्त नीट करतो."

आणि तो खरंच तसं समजत होता. म्हणूनच तर तिला काही करता येत नव्हतं. दुष्टपणाने केलं असतं तर हातावर चापट मारता आली असती.

महिन्यातून एकदा त्यांच्यापैकीच एकाने मॉडेल म्हणून बसायचं असे. आज चहानंतर नवऱ्याची पाळी होती. आजवर त्याने ती काही ना काही सबबीवर टाळली होती, पण आज फ्रेमवाल्यांनी त्याला दंडाला धरून उंच स्टुलावर नेऊन बसवलं. बसणाऱ्याने उठायचं नाही, बोलायचं नाही, चित्रं संपेपर्यंत बघायची नाहीत.

"जबडा हलवायचा नाही साहेब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसं गप्प बसवायची मला सवय आहे."

तिने खिडकीचा कागद काढून ठेवला आणि कोरा लावला. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. तिच्या मनात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आज तो हललाच तर सगळे मिळून त्याला ओरडणार होते.

तिने कपाळाची रेघ ओढली. थांबली. मग नाकाची. पुन्हा थांबली. हात पुढे सरकायचा, अडायचा, जरा वेळाने पुढची रेघ यायची. रेघा चांगल्या येत होत्या. कान भुवईच्या पातळीत बसला. कॉलर गुण्या लावून काढल्यासारखी आली. एक खांदा तिने उतरता काढला होता, कारण त्याचा खांदा तसा आहे, पाठ चोळताना तिच्या हाताला तो रोज लागतो. तो मात्र तिने खोडला आणि दुसऱ्या खांद्याच्या रेषेत आणला. आणल्यावर तिच्या लक्षात आलं की हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

तिने तो कागद काढला, दुसरा लावला. या वेळी भरभर काढायचं, विचारच करायचा नाही, असं ठरवलं. दुसऱ्या कागदावरही तसाच माणूस उतरला. नाकासमोर बघणारा, दोन्ही खांदे सारखे, कुठे बोट ठेवायला जागा नाही. तिने पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. समोर तो स्टुलावर बसून होता. हाताची बोटं मांडीवर चाळवत होती. त्याला कागद दिसत नव्हता, तिचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि तो तिच्याकडे टक लावून बघत होता.

शेवटी सगळ्यांनी आपापली चित्रं भिंतीला टेकवली. फ्रेमवाले तिच्या चित्रापुढे वाकले.

"सिस्टर, हे तुम्ही काढलंत? का साहेबांनी स्टुलावरूनच तुमच्याकडून काढून घेतलं?"

खोलीभर हशा झाला. मोठ्या बाईंनी हेच प्रदर्शनाला द्यायचं असं परस्पर ठरवूनही टाकलं. चारचौघांत हसावं लागतं तेवढं ती हसली. नवरा स्टुलावरून उतरून आला आणि चित्रासमोर उभा राहिला. बराच वेळ राहिला. मुलांच्या अभ्यासाच्या वहीपासून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत सगळ्यात चूक काढणारा हा माणूस काही बोलला नाही.

तिने कागदाची गुंडाळी केली आणि पिशवीत अशी कोंबली की ती मधोमध मोडली.

दोघं घरी निघाले.

"सगळे चांगलं म्हणाले," तो म्हणाला.

"म्हणणारच. तुमच्यासारखं आलंय."

पुढे फुटपाथ खोदून ठेवला होता. तिथून उतरताना त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"अगं, तू सारखी उजवीकडे कशाला बघत होतीस?"

"कुठे?"

"रेघ मारलीस की मान उजवीकडे. मग पुढची रेघ. पुन्हा मान. शेवटपर्यंत तेच."

"उजवीकडे कोण होतं?"

"कोणी नव्हतं," तो म्हणाला. जरा चालून गेल्यावर म्हणाला, "माझी खुर्ची होती."

घराशी आल्यावर कुलूप उघडताना किल्ली दोनदा चुकली, तरी त्याने ती तिच्या हातातून घेतली नाही.

पुढच्या रविवारी ती रंग पिशवीत भरून तयार झाली, तर तो पलंगावर पाय लांब करून बसलेला.

"आज तूच जा," तो म्हणाला. "गुडघा धरलाय. तो जिना नाही चढवणार."

त्याचा गुडघा दुखतो हे काही खोटं नव्हतं. दर थंडीत तो धरायचा, आणि तीच त्याला शेकायची, पट्टी बांधायची. दुखायचा तो उजवा. आज तो दोन्ही हातांनी डावा धरून बसला होता.

तिने क्षणभर त्याच्या हातांकडे पाहिलं. मग आत जाऊन तेलाची बाटली आणली, त्याच्या डाव्या गुडघ्यापाशी ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.