तोंड शिवलेली बाही

मित्रांनो, मी जुनी आहे, पण मोडीत काढण्याच्या लायकीची मुळीच नाही! मी एक चेतापेशी. एका टेलरबाईंच्या मेंदूच्या डाव्या बाजूला राहते आणि त्यांचा उजवा अंगठा हलवते. बाईंच्या जन्माआधीच माझा जन्म झाला. कातडीच्या पेशी झडतात, नव्या येतात. आम्ही बदलून मिळत नाही.

माझ्या अंगाला झाडासारख्या फांद्या आहेत. त्यांच्यावर असंख्य शेजारणी निरोप आणून टाकतात. कुणी म्हणते "चल", कुणी म्हणते "थांब". "चल"चे पारडे पुरेसे जड झाले की माझ्यातून विजेची लाट उठते. अर्धी लाट मला ठाऊक नाही. उठली तर पूर्ण, नाहीतर नाहीच. माझा एक लांबलचक धागा पाठीच्या कण्यापर्यंत उतरतो. वायरीला असते तसे त्याला वेष्टण आहे, म्हणून लाट सुसाट धावते. धाग्याच्या टोकाला मात्र फट असते आणि वीज तिथेच थांबते. मग मी रसायनाच्या बारीक पुड्या त्या फटीत रिकाम्या करते. पलीकडची पेशी ते रसायन टिपते आणि निरोप अंगठ्याच्या स्नायूपर्यंत नेते. तुम्ही "अंगठा" म्हणेपर्यंत हे सारे उरकलेले असते.

काय दिवस होते ते! बाई शर्टाची काजे हाताने करायच्या. शिकत होत्या तेव्हा टाके अगदी वेडेवाकडे पडत. पण एकच निरोप रोज रोज गेला की फटीवरची वाट रुळते. पुढे बाई खिडकीबाहेर बघत गप्पा मारायच्या आणि अंगठा आपला सुई पुढे ढकलत राहायचा. गिऱ्हाइके म्हणायची, "बाई, तुमच्या हातात जादू आहे." हातात! आमचे नाव कुणी काढले नाही. चालायचेच.

मग एका सकाळी बाई कापड बेतत असताना मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली. रक्त थांबले, प्राणवायू थांबला. कात्री खाली पडली. माझ्या कितीतरी शेजारणी त्या दिवशी गेल्या. मी कडेला होते, म्हणून वाचले.

दवाखान्यातून घरी आल्यावर दुसरा घाला पडला, आणि तो मायेने घातलेला होता. सून मोठी प्रेमळ. "आई, तुम्ही बसा, मी लावते बटणं," म्हणायची. घाससुद्धा तीच भरवायची. उरलेसुरले काम डावा हात करायचा. उजवा मांडीवर पडून, जणू कुणी विसरून गेलेली वस्तू. मला कुणी बोलावीचना. आणि आमच्याकडे न वापरलेली वाट पुसट होत जाते.

एक दिवस सून चाचरत म्हणाली, "आई, मशीन कुणाला तरी देऊन टाकूया का? नुसतीच जागा अडते."

"का गं, मी मेले की काय?" बाई कडाडल्या.

"अहो, तसं नाही..."

"मग मशीनला हात लावायचा नाही!"

मला टाळी वाजवावीशी वाटली, पण चालत होता एकच हात.

पुढे व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट आली. म्हणाली, "आजी, उजव्याचं काम डावा पळवतोय. सकाळी थोडा वेळ डाव्या हाताला मोजा घालून ठेवा. आणि सूनबाईंची मदत बंद!"

बाईंनी मोजा घातला खरा. पण जन्मभर दोरा दातांनी तोडलेली ही बाई! चहाचा कप समोर आला की दातांनी मोजा ओढून काढायची आणि डावा हात पुढे करायची. सुनेने ही चोरी पकडली.

बाई शरमल्या, मग चिडल्या. म्हणाल्या, "मोज्याचं हे काही खरं नाही. माझ्या गाऊनची डावी बाही लांब कर आणि तिचं तोंड शिवून टाक. दुहेरी टीप मार."

"आई, हात पिशवीत कोंबल्यासारखा दिसेल."

"दिसू दे. मला कुठं लग्नाला जायचंय? आणि टीप वाकडी आली तर उसवायला लावीन हं!"

तेव्हापासून रोज सकाळी डावा हात बाहीत बंद. "हल की मेल्या!" बाई अंगठ्याला दटावायच्या. मी लाट सोडायचे, पूर्ण ताकदीची. पण पलीकडची पेशी एकटीच्या हाकेने उठत नाही, अनेकींनी मिळून हाकारावे लागते. चमचा पडायचा. बटण निसटायचे. सून धावत यायची आणि ओठ चावून दारातच थांबायची. मी हटले नाही. मी नव्या फांद्या फोडल्या. मनगट हलवणाऱ्या शेजारणी मदतीला आल्या. हाक वाढत गेली.

आणि एके सकाळी बाईंनी उजव्या हातात छोटी कात्री धरली. एकेक टाका कापत त्यांनी बाहीचे तोंड स्वतः उसवले.

"टीप मात्र पक्की मारली होतीस गं," त्या सुनेला म्हणाल्या. सून हसली आणि लगेच डोळे पुसू लागली.

नंतर बाईंनी काज केले. वाकडे झाले, अगदी पहिल्यावहिल्या काजासारखे. मला ते फार आवडले.

मित्रांनो, प्रत्येक हात असा परत येतोच असे नाही. गेलेल्या शेजारणी परत येत नाहीत, हे मी रोज बघते. पण तुमच्या घरी कुणाचा हात असा मांडीवर पडून असेल, तर त्याचे सगळे काम हिसकावून घेऊ नका. दारात जरा थांबा. आम्हांला तुमची कीव नको आहे. काम सांगा, मग बघा!