आक्काचं वाक्य

वाक्याखालची रेघ पट्टी ठेवून मारलेली होती. निळी, सरळ. रोहिणी खुणा पेन्सिलीने करायची आणि तिचे गाईड मोहनराव सर समासात लाल फुली मारत. ही रेघ तिसऱ्याच कुणाची तरी होती.

"भारत, माझा प्रबंध कुणी वाचला?"

भारतचं अंबाजोगाईत झेरॉक्सचं दुकान होतं. एका कोपऱ्यात इंटरनेटही होतं.

"केजहून एक जण आलता ताई, आप्पारावांच्या दवाखान्यातला. लई वेळ वाचीत बसला. म्या म्हनलं, बाबा, झेरॉक्स काढायचं हाय. तर म्हनला, काढ की, मला बी एक काढ."

"आणि तू दिलीस?"

"गिऱ्हाईक हाय ताई. तुमचं नाव होईल म्हनलं!"

रेघ होती ती आक्काच्या वाक्याखाली. इंटरनेटवरच्या नर्सेसच्या गटात आक्का या टोपणनावाने कुणीतरी लिहिलं होतं, 'मुदत सरलेल्या सलाईनवरची तारीख आमी ब्लेडनं खरवडतो.' रोहिणीने टोपणनावही गाळलं होतं. दवाखाना कुठला, तेही लिहिलं नव्हतं. शब्द मात्र जसेच्या तसे, इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंगच्या चुकांसकट उतरवले होते. पुरावा म्हणजे पुरावा.

ती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसली आणि ते वाक्य शोधायला टाकलं. पहिलाच दुवा आक्काचा निघाला. त्याखाली तिचे जुने निरोप होते: लेकीची शाळा, केजची ड्युटी, सिरसाळ्याहून रोजची एसटी.

सिरसाळ्याहून केजला येणाऱ्या नर्स असून असून किती असणार?

परवानगीचा मेल तिने कितीदा तरी लिहून पुसला होता. आक्का नाही म्हणाली, तर प्रबंधाच्या त्या प्रकरणात उरणार काय?

"तो आणखी काही म्हणाला?"

भारत मशीनचं झाकण पुसत राहिला. "इचारत होता, ह्या बाईंनी त्या नर्सचं नाव कावून लिव्हलं न्हाई. मग तुमी बसलाव त्याच कॉम्प्युटरवर बसला, काहीतरी टाईप केलं. जाताना हसत होता."

रोहिणीने दुकानातल्याच फोनवरून सरांना सगळं सांगितलं.

"अगं, चारचौघांत लिहिलेलं ते," सर म्हणाले. "त्याला कसली परवानगी? उद्या प्रबंध जमा करायचाय. आता घोळ घालू नकोस."

केजकडे जाणारी एक जीप दुकानासमोर हॉर्न वाजवत उभी होती.

"उद्या जमा करणार नाही, सर. मी आत्ता केजला आक्काला शोधायला निघालेय. मी काय करून ठेवलंय, ते तिला माझ्या तोंडून कळू दे."