पुढच्या दातांतली खिंड

त्याला सगळे कवळीवाला म्हणत, कारण सत्तावीस वर्षं त्याने लोकांच्या कवळ्या बनवण्यापलीकडे दुसरं काही केलंच नव्हतं. दातांच्या लॅबचा मालक वारला, त्याच्या मुलांनी ती मोडीत काढली, आणि कवळीवाला घरी बसला. त्याला सात महिने झाले. इतके दिवस बायकोने सांभाळून घेतलं. आता मात्र ती म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत बघा. नाहीतर दादा म्हणतो तसं करू."

दादा म्हणजे तिचा भाऊ. दूरच्या गावी त्याचं टायरचं दुकान होतं आणि वर दोन खोल्या रिकाम्या होत्या. म्हणजे बिऱ्हाड मोडायचं, लेकीला शाळेच्या शेवटच्या वर्षात शाळा सोडायला लावायची, आणि पन्नाशीत मेहुण्याच्या हाताखाली टायर ढकलायचे. मेणावर हिरडीची रेघ काढणाऱ्या हातांनी!

अशा माणसाने मिळेल ते काम डोळे मिटून घ्यावं की नाही? पण कवळीवाल्याला एक खोड होती. तो मालकाची पारख दातांवरून करायचा. डाग दिसले की माणूस आळशी, दात वाकडे असले की व्यवहार वाकडा. असे तीन मालक त्याने आधीच नाकारले होते. "तुम्ही नोकरी शोधताय की बैल?" असं बायकोने एकदा विचारलंही होतं. तेव्हा दोघं हसले होते.

महिना संपायला दहा दिवस उरले असताना एकाच दिवशी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं.

पहिली लॅब एका अरुंद जिन्यावर होती. मालक म्हातारा, एप्रनवर प्लास्टरचे थर, आणि तोंड उघडलं तर वरच्या पुढच्या दातांत सरळ खिंड! कवळीवाल्याची नजर तिथे गेली ती हलेचना. म्हाताऱ्याने त्याचे कागद बाजूला सारले, त्याचे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "उद्यापासून ये. पहिलं काम माझंच." त्याने खिंडीवर बोट ठेवलं. "माप आत्ताच घेतलंस तरी चालेल."

"कळवतो," म्हणून कवळीवाला जिना उतरला.

"जगाचे दात करतो आणि स्वतःच्या तोंडात खिंड!" घरी येऊन तो तावातावाने सांगू लागला. "वर ती माझ्याकडून बुजवून घेणार. असल्या माणसाला कामाची काय किंमत?"

"खिंडकाका!" लेक खुदकन हसली. बायको हसली नाही.

"पण काम देत होते ना?" एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या लॅबला काचेचं दार होतं. मालकाचे बत्तीसच्या बत्तीस दात नुकतेच धुऊन मांडल्यासारखे. तो गोड हसला आणि म्हणाला, "आठवडाभर हात बघू तुमचा, मग पगार आणि कायमचे कागद करू." कवळीवाला तिथेच विरघळला.

त्याने जीव तोडून काम केलं. सहाव्या दिवशी प्लास्टर शोधायला त्याने कोपऱ्यातलं कपाट उघडलं, तर आत नमुन्याच्या जबड्यांच्या रांगा. लोक अक्षर ओळखतात, तसा तो हात ओळखायचा. एकाने हिरड्या खोल कोरलेल्या, एकाच्या दाढा बुटक्या, एक डावखुरा. नऊ-दहा जणांचे हात होते, प्रत्येकाचे जबडे आठवडाभरात होतील तेवढेच, आणि त्यांतला एकही जण लॅबमध्ये नव्हता. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. तरी सातव्या दिवशी त्याने आणखी झटून काम केलं. आपला हात बघून मालकाला लाज वाटेल, अशी त्याला वेडी आशा होती.

"सुंदर हात आहे तुमचा," मालक संध्याकाळी त्याच बत्तीस दातांनी हसला. "आम्ही कळवू." बाहेरच्या खुर्चीत मांडीवर फाइल घेऊन एक नवा माणूस ताटकळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कवळीवाल्याने तो अरुंद जिना गाठला. कोणत्या तोंडाने बोलावं, याची त्याने रस्ताभर उजळणी केली होती. वर पोचल्यावर मात्र तो ताकाला जाऊन भांडं लपवायला लागला. "इकडून चाललो होतो... म्हटलं, काकांना भेटावं..."

म्हाताऱ्याने मान वर केली आणि हसला. खिंड नव्हती.

तिथे दात होता. पांढराफेक नाही, शेजारच्या दातासारखाच किंचित पिवळट, खालची कड वयाप्रमाणे झिजवलेली. कवळीवाल्याला त्यात खोट काढायची होती, पण निघाली नाही. पलीकडच्या टेबलाशी एक बाई पाठमोरी बसून कानस चालवत होती.

"हिने केला," म्हातारा म्हणाला. "माझ्याकडे कारागीर एकच. तो गेला की त्याने केलेला दात मी काढून ठेवतो. नवा येईल त्याने आधी माझा दात करायचा. आपलं काम दिवसभर मालकाच्या तोंडात दिसत राहिलं की हात चुकारपणा करत नाही. तुझी चार दिवस वाट बघितली रे. जेवताना हाल होत होते."

कवळीवाला खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. मग स्वतःलाही परका वाटेल अशा आवाजात त्याने विचारलं, "काका, तुमचे बाकीचे दात कसे आहेत?"

म्हातारा हसायला गेला आणि त्याचे डोळे बघून थांबला.

"घट्ट आहेत रे बाबा," तो हळूच म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं.

घरी बायकोने दार उघडलं. त्याच्या तोंडाकडे तिने एकदाच बघितलं आणि माळ्यावरची ट्रंक काढायला स्टूल ओढलं.