परत पाठवलेला डबा

माणूस मरणाच्या दारातून परत येतो तेव्हा त्यामागे वरच्या कुणाचा तरी हात असतो, याबद्दल आदिस अबाबातल्या त्या गल्लीत कुणाचंही दुमत नव्हतं. गेबेयेहूच्या बाबतीत तर हात कुणाचा हेही ठरून गेलं होतं: देवदूत गेब्रिएलचा. गेबेयेहूला स्वतःला मात्र पक्कं ठाऊक होतं की त्या प्रकरणात हात होता तो त्याचाच, आणि त्या हातानं ढकलला होता पिठल्याचा डबा.

तुरुंगाच्या डब्यांची रीत साऱ्या शहराला पाठ होती. सकाळी घरची माणसं फाटकावर रांग लावत. पहारेकरी भरलेला डबा आत घेई, कालचा रिकामा बाहेर देई. रिकामा डबा आला म्हणजे आपला माणूस जिवंत. भरलेला डबाच परत हातात आला, तर पहारेकऱ्याला वेगळं काही बोलावं लागत नसे. डबा घेऊन माणसं घरी जात, ती पुन्हा येत नसत.

गेबेयेहू शाळेत गणित शिकवायचा. राजवटीविरुद्ध आपण नेमकं काय केलं हे त्याला तुरुंगातही कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. त्याच्या शेजारच्या चटईवर वोंदाफ्राश नावाचा कापडवाला आला. त्याच्या घरून कोंबडीचा रस्सा येई, वर उकडलेलं अंडं. गेबेयेहूच्या घरून इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची मऊ भाकरी, आणि पिठलं. काल पिठलं, आज पिठलं, आणि एक दिवस अळणी पिठलं.

"घ्या मास्तर, माझ्यातलं घ्या," वोंदाफ्राश म्हणाला. "वहिनींनी मिठावर बहिष्कार टाकलेला दिसतोय. जपून राहायला सांगा, त्यांनाही उचलतील."

सगळी कोठडी हसली. मास्तरांच्या मस्तकात तिडीक गेली. बायकोला एकदा कळू दे, म्हणून त्यांनी डबा पहारेकऱ्यापुढे ढकलला. "घेऊन जा. नको मला." पहारेकऱ्याला काय, त्यानं नेला.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. बाईसाहेब रुसल्या, असं गेबेयेहूनं अनुमान काढलं. मग तोही रुसला. वोंदाफ्राशच्या रश्श्यावर हा रुसवा चांगला पोसला गेला. पुढे एका सकाळी वोंदाफ्राशला सामानासकट हाक आली, आणि त्या दुपारी त्याचा रस्सा, अंड्यासकट, न उघडता परत गेला. तेव्हा कुठे गणिताच्या मास्तरांना आपलं गणित सुटलं. पण बाहेर निरोप धाडायची सोय नव्हती.

गल्लीत तोवर गेबेयेहूचं सगळं आटोपलं होतं. क्रांतीच्या शत्रूसाठी रडायला बंदी होती, म्हणून बायकांनी कुणीतरी रीतसर मरायची वाट पाहिली. देसालेन म्हातारा दम्यानं गेला. जन्मात कुणाला कॉफी न विचारलेला माणूस. पण त्याच्या दुखवट्याच्या मांडवात सारी गल्ली छाती पिटून अशी रडली, की त्याच्या मुलांना बापाबद्दल नव्यानं विचार करावा लागला. गेबेयेहूची आई त्या मांडवातून उठेचना, तिला दोघींनी धरून घरी आणलं. पावसाळा सरायच्या आत तीही गेली.

काही वर्षांनी माफी मिळून गेबेयेहू घराच्या दारात उभा राहिला. असेलेफेच, त्याची बायको, भिंतीला टेकून खालीच बसली.

"तुम्हाला तर मारलं होतं ना हो?"

"काहीतरी चूक झाली असेल," गेबेयेहू म्हणाला.

हे खरं होतं. कुणाची, ते त्यानं सांगितलं नाही. आणि असेलेफेचला चूक पटलीच नाही, तिला चमत्कार पटला. तेव्हापासून दर वर्षी गेब्रिएलच्या दिवशी तिच्याकडे नवसाचं जेवण असे. तो दिवस नाताळाआधीच्या उपासात येतो, मांसाचं नाव काढायचं नाही. त्यामुळे पानात काय, तर पिठलंच. सगळ्यांसमोर ते खाताना गेबेयेहू मान वर करत नसे. लोक म्हणत, प्रार्थना करतोय.

यंदा हुकूमशहा पळून गेला होता, उत्तरेची लढाई संपली होती, दारं उघडी टाकून जेवण घालता येत होतं. गर्दी झाली. आणि नेमका असेलेफेचचा घसा बसला. गेब्रिएलनं नवऱ्याला कसं वाचवलं, ही कथा दर वर्षी तिच्याच तोंडची.

"मग यंदा खुद्द गेबेयेहूदादाच सांगतील," पुरोहित अब्बा तेक्ले म्हणाले.

शेजारची वोर्कनेश सरकून पुढे आली. तिच्या मुलाला रस्त्यातून उचलून लढाईवर नेलं होतं. लढाई संपली, पोरगा आला नव्हता. दर वर्षी ती स्वतःच्या हातानं गेबेयेहूला घास भरवायची, आणि भरवलेला घास नको म्हणायचा नसतो.

"सांगा हो भाऊ. मला पाठ आहे, पण तुमच्या तोंडून ऐकू दे."

तोंडात तिचाच घास होता. तो त्यानं गिळला. या बाईसमोर देवदूत उभा करणं गेबेयेहूला जमलं नाही.

"देवदूत वगैरे कुणी आलं नव्हतं," तो म्हणाला. "पिठलं अळणी होतं. मी चिडून डबा परत पाठवला. बस, एवढंच झालं."

मग अब्बांनी मान डोलावली. "याला म्हणतात विनय! एवढी कृपा झाली, पण अंगाला लावून घेत नाही माणूस."

"अन् ते पिठलं अळणी केलं कुणी?" मागून कुणीतरी ओरडलं. "गेब्रिएलनंच की!" सगळे हसले.

वोर्कनेश हसली नाही. "म्हणजे डबा परत आला तरी माणूस असतो," ती म्हणाली. "माझा तर डबासुद्धा परत आलेला नाही." आणि तिनं त्याला आणखी एक घास भरवला, पहिल्यापेक्षा मोठा.

आजवर न सांगितल्याची लाज होती. आता सांगितल्याचीही झाली.

पाहुणे गेले. असेलेफेच अंगणात भांडी घासायला बसली. गेबेयेहू तिच्यापाशी उभा राहिला. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं, तू मुद्दाम मीठ घातलं नाहीस," तो म्हणाला. "तुझ्यावरचा राग होता तो. मग तूही रुसलीस, असं वाटलं."

असेलेफेचनं घासलेलं पातेलं उन्हात उपडं घातलं. तिचा आवाज अजून फुटत नव्हता, म्हणून त्याला वाकावं लागलं.

"त्या आठवड्यात मी तापानं पडून होते," ती म्हणाली. "डबा तुमच्या आईंनी केला होता. फाटकावरही त्याच गेल्या होत्या. तुम्हाला नेल्यापासून दुपारपर्यंत त्या कडक उपास करायच्या, तुम्ही सुटावं म्हणून. मीठ चाखून बघता येत नसे त्यांना."