डाव्या दाराचा खटका

मी खटका बोलतोय. दार लावलं की 'खट' असा आवाज येतो ना, तो माझा. कारखान्यातून माझ्या जातीचे हजारो निघतात, सगळे एका तोंडवळ्याचे. मी तसा नाही. मला एका माणसाने गोठ्यात बसून, कानशीने घासून घासून घडवलं.

त्याचं नाव दीपेश. अंजूरला घर आणि राहनाळच्या गोदामात फोर्कलिफ्ट दुरुस्त करायची ड्युटी. बैल गेल्यापासून घरामागचा गोठा रिकामा पडला होता. तिथे तो सवड मिळेल तशी एक गाडी बांधत होता. चौकोनी पाइपांचा सांगाडा, मोडीत निघालेल्या तीनचाकी टेम्पोचं इंजिन, पत्रा स्वतः ठोकून वाकवलेला. ही गाडी मोठ्या रस्त्यावर न्यायची नाही हे त्याला ठाऊक होतं. घरापासून खाडीकडच्या आपल्या शेतापर्यंत, आपल्याच वाटेने. तिची मजल एवढीच.

एवढ्यासाठी गाडी कशाला, असं त्याच्या बापाला, अनंताला वाटे. "गाडी बाजारात मिलते," तो गोठ्याच्या दारातून म्हणायचा. "घरात बांधतात ती चूल."

दीपेश पत्रा ठोकत राहायचा. त्याची आई, गुणाबाई, कित्येक वर्षांत शेतावर गेली नव्हती. जन्मभर त्याच शेतात लावणी-कापणी केलेली बाई, पण संधिवाताने तिचे गुडघे धरले आणि दोन्ही हातांची बोटं आखडून टाकली. तिला एकदा शेत दाखवायचं, हे त्याने मनात धरलं होतं. बोलून दाखवलं ते फक्त बायकोपाशी, वैशालीपाशी.

दारांची वेळ आली तेव्हा बाजारातला एकही खटका बसेना. त्याची दारं पातळ आणि घरगुती वळणाची. मग त्याने निजामपुऱ्याच्या भंगारवाल्याकडून जुन्या यंत्रमागाची जाड लोखंडी पट्टी आणली. आधी खोक्याच्या पुठ्ठ्यातून आकार कापून पाहिले, मग पट्टीतून दोन खटके कापले, उजव्या आणि डाव्या दाराला. आत बोट अडकवून ओढायची कडी होती.

त्यातला मी नव्हे. माझी पाळी नंतर आली.

गुणाबाईला त्याने डाव्या बाजूला बसवलं आणि दार लावलं. "आय, आता उघडून बघ."

तिने वाकडी बोटं कडीत घातली. ती निसटली. पुन्हा घातली, पुन्हा निसटली. मग ती हसली. "बोटां माझी आयकत न्हाईत. ऱ्हाऊ दे, तू हायस ना उघडायला."

दीपेश हसला नाही. त्याने तो खटका त्याच संध्याकाळी काढला आणि उरलेली पट्टी पुढ्यात घेतली. त्या पट्टीतून मी झालो. मला कडी नाही. तळव्याएवढी एक सपाट दांडी आहे, ती कोपराने दाबायची. दाबली की माझी जीभ मागे सरते आणि दार सुटतं. आतली स्प्रिंग आधी कडक होती. गुणाबाईचा कोपर काही तिला हलवेना. दीपेश स्प्रिंग बदलत गेला, दर खेपेला आणखी नरम. शेवटी एकदा तिने कोपर टेकवला आणि मी उघडलो. त्या दिवशी तिने मला उगाच कितीतरी वेळा उघडलं आणि लावलं. माणसं असं का करतात, ते मला तेव्हा कळलं नाही.

भात झोडून झालं आणि वाट सुकली, तेव्हा गाडी निघाली. गुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली. वैशाली मागून चालत होती. गोदामांच्या भरावासाठी माती नेणाऱ्या डंपरनी वाटेला खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. शेत समोर दिसू लागलं होतं, तेवढ्यात डावं चाक एका चाकोरीत आदळलं आणि मी उघडलो. यात गुंतागुंतीचं काही नाही. स्प्रिंग नरम होती, धक्का मोठा होता. गुणाबाई खाली धसकटांत पडली. हाड मोडलं नाही, पण खांदा बांधावर आपटून सुजला.

शेत बघायचं तसंच राहिलं. तिला घरी आणलं.

अनंता त्या दिवशी ओरडला नाही. त्याने गाडीवर ताडपत्री टाकली आणि मुलाला म्हणाला, "तुझा छंद तुझ्यापाशी ठेव. माझ्या बायकोला त्यात घालू नको."

दीपेशने गोठ्यात पाऊल टाकणं सोडलं. सरपण न्यायला वैशाली यायची. एकदा त्याला हाक मारून तिने आत बोलावलं. "अवो, खटका तेवढा बदला. बाकी गाडी चांगली हाय."

"कडक केला तर आयला उघडत न्हाय," तो दारातूनच म्हणाला. "नरम केला तर ती पडते. मग बांधू कोनासाठी?"

ती सरपण उचलून निघून गेली. मी ताडपत्रीखाली गंजत राहिलो.

पुढचं मी घरात आल्यावर ऐकलं. न्हाणीघराच्या दाराला लोखंडी कडी होती. गुणाबाई कडी कधी लावायची नाही. दार नुसतं ओढून घ्यायची आणि वैशाली बाहेर बसायची. गावदेवीच्या जत्रेला घर पाहुण्यांनी भरलं. वैशाली चुलीपाशी अडकली. गुणाबाईने मनगटाने कडी कशीबशी सरकवली. सरकली ती सरकली, परत येईना. पाहुण्यांच्या लाजेने तिने हाकही मारली नाही. वैशालीच्या लक्षात येईपर्यंत बादलीतलं पाणी गार होऊन गेलं होतं. अनंताने सगळ्यांदेखत पहारीने कडी उचकटली. ओलं लुगडं गुंडाळलेली बायको मान खाली घालून त्याच्यासमोरून गेली.

त्यानंतर घरात कोणी आलं की ती अंघोळ टाळू लागली. वैशालीने समजावलं तर म्हणाली, "मी काय ल्हान पोर हाय, दारात राखण बसवायला?"

एका दुपारी ताडपत्री उचलली गेली. दीपेश असेल असं मला वाटलं. अनंता होता. त्याने मला दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. या वेळी हाताने नाही, कोपराने. मग पाना लावला. त्याला हे काम जमत नव्हतं. बोल्टची डोकी घासली, दोनदा पाना निसटून बोटं सोलली, शिव्या झाल्या. पण संध्याकाळपर्यंत मी न्हाणीघराच्या दारावर होतो.

दीपेश ड्युटीवरून आला आणि दारासमोर थबकला. "यो खटका हितं कोनी लावला?"

"मी," अनंता म्हणाला.

"वाकडा लागलाय."

"मग सरल कर." अनंताच पुढे बोलला, "न्हाणीचं दार खड्ड्यातना जात न्हाय. हितं नरमच पायजे."

दीपेशने मला एकदा कोपराने दाबून पाहिलं. मग आतून हत्यारं घेऊन आला. बापाने दार धरलं, मुलाने मला सरळ केलं. इतक्या महिन्यांत ते दोघे पहिल्यांदाच एका कामाला लागले होते.

आता मी इथेच आहे. वाफ आणि साबणाचं पाणी माझ्या अंगाला मानवत नाही. वैशाली अधूनमधून खोबरेल तेलाचं बोट फिरवते, त्यावर निभतं. गोठ्यातून ग्राइंडरचा आवाज पुन्हा येऊ लागला आहे. डाव्या दारासाठी नवा खटका होतोय म्हणे, एक जीभ सुटली तरी दुसरी धरून ठेवणारा. तो जमेल की नाही, मला सांगता येणार नाही. गाडी शेतावर पोचेल की त्याआधी शेतावरच गोदाम उभं राहील, तेही नाही.

माझं मागणं एवढंच आहे. कधी या घरी आलात आणि हे दार बंद दिसलं, तर ढकलू नका, बाहेरून उघडायला धावू नका. तिला वेळ लागतो. लुगड्याचा काष्टा आखडलेल्या बोटांनी घालायचा असतो, केस पुसायचे असतात. ओट्यावर बसा, पाणी मागून घ्या.

ती निवांत बाहेर येईल आणि तुम्हालाच विचारेल, "कवाशी आलात?"